कांदिवलीत वीज कंपनी बदलावी का? आधी वहन आकाराची (तारांच्या भाड्याची) ओळ बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. कांदिवली पूर्वेला तीस वर्षं जुनी इमारत, टू-बीएचके, घरात चार माणसं. मे महिन्यात बिल सहा हजारांच्या घरात गेलं. पावसाळ्यात लाइट जाते, मधूनच दिवे मंद होतात. मीटर बरोबर चालतो का, याचीही शंका आहे. शेजारच्या विंगमधल्या काकांनी वीज कंपनी बदलली आणि ते म्हणतात की महिन्याला चारशे-साडेचारशे वाचतात. दारावर आलेल्या कंपनीच्या मुलानेही दरपत्रक दाखवून तेवढाच आकडा सांगितला. तर बदलावी का? आणि डोंबिवलीच्या बहिणीलाही बदलता येईल का?

उपनगरातल्या सोसायट्यांची वीजबिलं तपासण्याचं काम मी बावीस वर्षं करतो आहे आणि हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. तुम्ही सध्या कुठल्या कंपनीकडे आहात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण उत्तरासाठी त्याची गरजही नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत: बिल जास्त येतं, लाइट जाते आणि मीटरवर विश्वास बसत नाही. कंपनी बदलल्याने यातल्या पहिल्या दुखण्यावर थोडाफार उतारा पडू शकतो. उरलेल्या दोन्हींचा कंपनी बदलण्याशी जवळजवळ संबंध नाही.

लाइटचं आधी सांगतो, कारण त्यात धोका आहे.

मुंबईच्या उपनगरात दोन प्रकारे कंपनी बदलता येते. बोलताना सगळे त्यांना चेंजओव्हर आणि स्विचओव्हर म्हणतात. चेंजओव्हरमध्ये वीज नव्या कंपनीची आणि बिलही तिचंच, पण तारा जुन्याच कंपनीच्या. स्विचओव्हरमध्ये नवी कंपनी तुमच्या इमारतीपर्यंत स्वतःची केबल आणते. तुमच्यासारख्या जुन्या इमारतीत बहुतेक वेळा पहिलाच प्रकार असतो. म्हणजे बिलावरचं नाव बदलतं, पण रस्त्याखालची केबल, सबस्टेशन आणि मीटर रूममध्ये येणारी सर्व्हिस केबल तीच राहते. पावसात केबलमध्ये पाणी शिरलं तर काकांची आणि तुमची लाइट एकाच मिनिटाला जाणार, आणि दुरुस्तीला येणारी माणसंही तारा ज्यांच्या त्यांचीच असणार. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवून बघा. त्या दिवशी टाटा, अदानी, बेस्ट अशा सगळ्यांच्या ग्राहकांकडे अंधार झाला, कारण बिघाड शहरात वीज आणणाऱ्या पारेषण वाहिन्यांवर होता. तिथे कुणाचं बिल कुणाकडे येतं याला काही अर्थ नव्हता.

आता दिवे मंद होण्याबद्दल. हे फक्त तुमच्याच घरात होतं, की पूर्ण विंगमध्ये, की गल्लीत, हे तुम्ही सांगितलं नाहीत. सगळं त्यावर अवलंबून आहे. फक्त तुमच्या घरात होत असेल तर तुमचा एमसीबी किंवा मीटरबोर्डावरचा जोड तपासायचा. विंगमध्ये सगळ्यांकडे होत असेल तर मीटर रूममधला कटआउट (मोठा फ्यूज), बसबार (तारा जोडायची धातूची पट्टी) आणि वर जाणारी मुख्य केबल बघायची. गल्लीभर होत असेल तरच तो तारांच्या कंपनीचा विषय. एक लक्षण मात्र अजिबात अंगावर काढू नका. एका खोलीतला किंवा एका घरातला दिवा मंद होतो त्याच वेळी दुसरीकडचा नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत असेल, तर न्यूट्रल (परतीची तार) सैल झालेली असण्याची शक्यता मोठी असते. मग काही घरांत २३० व्होल्टच्या जागी तीनशेच्या वर दाब जातो. टीव्ही, फ्रिज जळतात आणि आगही लागू शकते. असं दिसलं तर बदलाबिदलाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला मीटर रूम दाखवा आणि तारांच्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्या.

बोरिवलीच्या एका सोसायटीचा अनुभव सांगतो. अठ्ठावीस घरं. लाइटला कंटाळून सर्वसाधारण सभेत ठरलं आणि जवळजवळ सगळ्यांनी एकत्र कंपनी बदलली. पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा तेच. मग मला बोलावलं. मीटर रूममध्ये वर जाणाऱ्या केबलच्या जोडाला काळा डाग होता आणि हात जवळ नेला तरी गरम लागत होतं. ती केबल सोसायटीची. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही कंपन्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. जोड बदलला, बसबार साफ करून घट्ट केला आणि लाइट जायची थांबली. त्या घरांनी दीड वर्ष धोक्यात काढलं होतं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. म्हणून कुणी बदलाचा विषय काढला की मी आधी मीटर रूमची किल्ली मागतो.

आता पैशाकडे येऊ.

ही सोय उपनगरात आली कशी, ते माहीत असलं की दरपत्रक वाचणं सोपं जातं. २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात एकापेक्षा जास्त वितरण परवाने द्यायला वाट ठेवली. टाटा पॉवरला मुंबईत घरगुती ग्राहकांना थेट वीज विकता येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये स्पष्ट केलं. पण घरोघरी तारा तर दुसऱ्याच्या. म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये वीजदर ठरवणाऱ्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्ग काढला: तारा जुन्या कंपनीच्या वापरा आणि त्यांचं भाडं द्या. त्या भाड्याचं नाव वहन आकार. उपनगरातल्या त्या तारा आधी बीएसईएसच्या होत्या, मग रिलायन्सच्या झाल्या आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानीच्या आहेत. नाव बदलत गेलं, पण केबल त्याच.

सुरुवातीला टाटाचे दर कमी होते आणि जास्त वापराची घरं व दुकानं भराभर तिकडे गेली. मात्र आपल्याकडे मोठ्या ग्राहकाच्या जास्त दरातूनच छोट्या ग्राहकाचा कमी दर निघतो. मोठे गेल्यावर मागे राहिलेल्यांवरचा बोजा वाढला. म्हणून २०११ मध्ये आयोगाने गेलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे तो बोजा भरून काढणारा जादा आकार, लावला. त्याशिवाय कंपनीची आधीच्या वर्षांतली वसूल व्हायची राहिलेली रक्कम भरून काढायचाही आकार आला. पुढच्या काळात दोन्ही कंपन्यांचे दर वरखाली होत राहिले आणि लोक दोन्ही दिशांनी ये-जा करत राहिले. मालाडचं एक कुटुंब आहे, तीन एसी, पाच खोल्या. त्यांनी बदल केला, दोन वर्षं चांगले पैसे वाचवले, मग अधिभार आणि नवे दर लागल्यावर परत आले. दोन्ही वेळा त्यांचा निर्णय बरोबर होता, कारण दोन्ही वेळा त्यांनी आकडेमोड केली होती.

ही आकडेमोड दारावरचा मुलगा करतो तशी करायची नाही. तो दोन कंपन्यांची दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवतो. पण दुसऱ्या कंपनीच्या दरपत्रकातला वहन आकार हा तिच्या स्वतःच्या तारांचा असतो. तुम्ही चेंजओव्हर केलात तर तारा जुन्याच, त्यामुळे वहन आकारही जुन्याच कंपनीचा भरावा लागतो. ही एक ओळ नजरेतून सुटली की बचतीचा आकडा तिप्पट-चौपट फुगतो.

उदाहरणासाठी सोपे, मनचे दर घेऊ. खरे दर प्रत्येक आदेशात बदलतात, ते तुमच्या बिलावरून आणि आयोगाच्या चालू आदेशावरून घ्यायचे. समजा तुमच्या सध्याच्या कंपनीचा वीज आकार (वापरलेल्या विजेचा दर) पहिल्या १०० युनिटला ४ रुपये, १०१ ते ३०० ला ७, ३०१ ते ५०० ला ९ आणि त्यापुढे १० आहे, आणि वहन आकार युनिटमागे अडीच रुपये. दुसऱ्या कंपनीचा वीज आकार साडेतीन, ६ रुपये ६० पैसे, १० आणि १२, आणि तिच्या स्वतःच्या तारांचा वहन आकार दीड रुपया.

३२० युनिटच्या महिन्यात तुमचं सध्याचं बिल होईल १,९८० वीज आकाराचे आणि ८०० वहनाचे, मिळून २,७८०. दुसऱ्या कंपनीच्या पत्रकाप्रमाणे १,८७० अधिक ४८०, म्हणजे २,३५०. फरक ४३० रुपये, हाच काकांचा आणि त्या मुलाचा आकडा. पण तारा बदलत नाहीत, म्हणून वहनाचे ८०० च धरायचे. तसं केलं की होतात २,६७०. खरा फरक ११० रुपये.

आता हेच मे महिन्याला लावा. एसीमुळे ५२० युनिट झाले. सध्याच्या कंपनीचा वीज आकार ३,८००, दुसरीचा ३,९१०. वहन दोन्हीकडे सारखंच. म्हणजे ज्या महिन्याचं बिल बघून तुम्ही वैतागलात, त्याच महिन्यात बदल केल्यावर ११० रुपये जास्त जातील. आणि थंडीत १८० युनिट असताना ८२ रुपये वाचतील. वर्षात चार महिने १८० चे, पाच महिने ३२० चे आणि तीन महिने ५२० चे धरले, तर ३२८ आणि ५५० मिळवून त्यातून ३३० वजा करायचे. उरतात ५४८ रुपये. त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क धरलं तरी साधारण ६३६. वर्षाचे! दारावरच्या हिशेबाने हेच वर्षाचे पाच हजारांच्या वर दिसतात.

आकडे मनचे असले तरी खऱ्या दरपत्रकांत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. एक कंपनी खालच्या टप्प्यात स्वस्त असते, दुसरी वरच्या. म्हणून सरासरी युनिटवर हिशेब करू नका. बारा महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येक महिना वेगळा मांडा. इथे आणखी एक गैरसमज दूर करतो. ३०० च्या पुढे एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पहिल्या १०० युनिटना सगळ्यांसाठी खालचाच दर असतो, वरचा दर फक्त वरच्या युनिटना.

इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातल्या चढउताराची रक्कम) दर महिन्याला हलतो, त्यामुळे एका महिन्याच्या बिलावरून कुठल्याच कंपनीला स्वस्त किंवा महाग म्हणू नये. काकांचं बिल मागून घ्या, पण बिलाची रक्कम नको, त्यातल्या ओळी बघा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, समायोजन, अधिभार, शुल्क. त्यांचे युनिट तुमच्यापेक्षा कमी असतील तर बचत त्यातूनच आलेली असेल. घरातला मुलगा पुण्याला शिकायला गेला की बिल आपोआप उतरतं आणि श्रेय कंपनीला मिळतं, हेही मी पाहिलं आहे.

आता अनामत. सध्याच्या नियमांनी सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट घेता येते. जुन्या ग्राहकांची ठेव पुष्कळदा फार पूर्वीची, अगदी थोडक्या रकमेची असते. तुमचं सरासरी बिल साडेतीन हजार धरलं तर नव्या ठिकाणी सात हजार भरावे लागू शकतात. जुनी ठेव शेवटचं बिल मिटल्यावर परत येते आणि नव्या ठेवीवर व्याजही मिळतं, म्हणजे हे पैसे बुडत नाहीत. पण अडकतात, आणि ते आधीच माहीत असावं. बिल अजून सासऱ्यांच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. जुनी थकबाकी वादातली असली तरी ती मिटवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

मीटरवर शंका असेल तर कंपनी बदलण्याआधी एक साधी परीक्षा करा. घरातला मुख्य स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा दहा मिनिटं बघत बसा. तो लुकलुकला नाही पाहिजे. लुकलुकला तर तुमच्या मीटरवरून आणखी कुणीतरी वीज घेतंय. जिन्यातले दिवे किंवा शेजारच्या गॅलरीतला गिझर तुमच्या मीटरवर निघाल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत. दिवा शांत राहिला आणि तरीही शंका असेल, तर लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्या. बिल न पटण्याचं कारण काही वेळा मीटरमध्ये नसून वाचनात असतं. २०२० च्या टाळेबंदीत मार्चपासून मीटर वाचन बंद होतं. हिवाळ्याच्या सरासरीवर बिलं गेली आणि जूनमध्ये खरं वाचन झाल्यावर उन्हाळ्याची सगळी वाढ एकदम बिलात आली. लोकांनी त्या महिन्यात रागाने बदलाचे अर्ज भरले. तो राग मला समजतो, पण तेव्हाचं उत्तर बिलाची महिनावार फोड मागणं हे होतं. तक्रारीला कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथून पुढे विद्युत लोकपालांकडे जाता येतं, त्यासाठी वकील लागत नाही.

मग बदल कुणी करावा? वर्षभर वापर साधारण एकाच टप्प्यात राहणारं घर असेल, त्या टप्प्यात दोन कंपन्यांच्या वीज आकारात ठळक फरक असेल आणि अधिभार धरूनही तो उरत असेल, तर जरूर करावा. नव्या कंपनीची केबल इमारतीत आधीच आली असेल तर हिशेब वेगळा होतो, कारण मग वहन आकारही तिचाच लागतो. बऱ्याच इमारतींत ती आलेली असते आणि सेक्रेटरीलाही माहीत नसतं, म्हणून मीटर रूममध्ये जाऊन बघा. माझा स्वतःचा ठोकताळा असा: वर्षाची बचत एका सरासरी बिलाच्या निम्म्याहूनही कमी दिसत असेल तर मी थांबायला सांगतो. नवे दर एप्रिलपासून लागू होतात आणि एवढासा फरक पुढच्या आदेशात उलटूही शकतो. काही जण मला म्हणतात, शंभर रुपये तरी का सोडायचे? त्यांचंही चूक नाही. ज्यांना कागदपत्रं करायला वेळ आहे आणि दर एप्रिलला पुन्हा हिशेब मांडायची तयारी आहे, त्यांनी जावं.

पण तुमचं मूळ दुखणं मे महिन्याचं बिल आहे, तर एक आकडा जरूर बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे दिवसाला बारा तास चालले तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. वरच्याच उदाहरणातले दर लावले तर हे युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतात. वीज आकार, वहन आणि शुल्क मिळून एका मे महिन्यात नऊशेच्या जवळ वाचतात. कंपनी बदलून त्याच उदाहरणात पूर्ण वर्षाला ६३६ वाचत होते. एक पंखा तीन हजारांच्या आसपास येतो, चारही एकदम घ्यायची गरज नाही. आधी बैठकीच्या खोलीतला बदला, कारण तो सगळ्यात जास्त चालतो.

डोंबिवलीच्या बहिणीला मात्र हा पर्याय नाही. तिथे वितरण महावितरणचं आहे आणि घरगुती ग्राहकाला दुसरीकडून वीज घेण्याची सोय नाही. खुल्या बाजारातून वीज घ्यायची तर मोठा भार लागतो. हरित विजेसाठी ती मर्यादा २०२२ मध्ये १०० किलोवॅटवर आणली, पण घराचा भार तीन-पाच किलोवॅटचा असतो. भिवंडीत टोरंट बिल देते म्हणून तिथे वेगळी कंपनी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात २००७ पासून ती महावितरणची फ्रँचायझी, म्हणजे तिच्या वतीने वीज पुरवणारी कंपनी, आहे आणि दर महावितरणचेच लागतात. दक्षिण मुंबईतल्या बेस्टच्या ग्राहकांचीही गोष्ट वेगळी आहे. बेस्ट स्थानिक प्राधिकरणाची असल्याने दुसऱ्या कंपनीच्या विजेसाठी आपल्या तारा देण्याचं बंधन तिच्यावर नाही. बहिणीचं छप्पर स्वतःचं असेल तर तिने सौरऊर्जेचा विचार करावा. २०२४ च्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

आता तुम्ही काय कराल? उद्या संध्याकाळी सेक्रेटरींना घेऊन मीटर रूम उघडा आणि दोन गोष्टी बघा: जोड कुठे काळे पडलेत का, आणि किती कंपन्यांच्या केबल आत आल्यात. मग मागच्या बारा बिलांवरचे युनिट महिन्यापुढे लिहून काढा, आणि सगळ्यात ताज्या बिलावरचा वहन आकाराचा दर वेगळा लिहा. काकांच्या बिलावरचाही तोच दर लिहा. दोन्हींवर तो सारखाच असेल तर तुमच्या इमारतीत फक्त चेंजओव्हरच होतोय. हे चौदा आकडे मला पाठवा, चालू आदेशातले दर लावून मी महिनावार बेरीज करून देतो.